शुद्धिपत्र

मला जर्मन येत नाही. हे आधीच सांगते.
मी फक्त टाइप केलं, एकवीस वर्षं,
डंडीच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीतून टे नदी आणि तिच्यावरचा रेल्वेचा पूल,
मशीनमध्ये तीन कागद, मध्ये दोन कार्बन.

आतल्या खोलीत प्रोफेसर गिलँडर्स येरझाऱ्या घालायचे.
एका वाक्याला अख्खी सकाळ.
त्या जुन्या जर्मनांची वाक्यं म्हणे अशी,
की कर्ता पान चाळीसवर घराबाहेर पडतो,
वाटेत सगळ्या नातेवाइकांकडे डोकावतो,
आणि क्रियापद पान एक्केचाळीसवर
दिवेलागणीला घरी येतं.
"इशबेल," ते म्हणायचे, "इंग्रजीला इतकी वाट बघवत नाही.
काय झालं ते तिला दारातच सांगावं लागतं."
मग वाक्य तोडायचे. तोडताना चेहरा असा,
जसा माझ्या बापाचा व्हायचा, ज्यूटच्या गिरणीत
लांब चाललेला धागा मध्येच तुटला की.

बाकीच्यांची पुस्तकं निघाली, स्वतःच्या मतांची.
बढत्या मिळाल्या. यांना चहाच्या वेळी विचारायचे,
"मर्डो, तुझं स्वतःचं असं काही?"
ते चष्मा पुसायचे. चष्मा स्वच्छच असायचा.

पहिला ग्रंथ आला एकाहत्तर साली, निळ्या कापडाचा.
वर जर्मन माणसाचं नाव, सोनेरी.
यांचं आत, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर.
त्यातलं एक वाक्य पोरं जिन्यात म्हणायची:
माणूस अजून मुक्त आहे.
अजून! म्हणजे कुठवर?
त्या 'अजून'वर निबंध आले, परिसंवाद झाले,
टोरांटोच्या एकाने तर तेवढ्यावर डॉक्टरेट मिळवली.

मग पूर्व जर्मनीतून, हाले गावाहून,
कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं एक पाकीट.
ओटमार झिल्खर, निवृत्त शाळामास्तर.
चार ओळी. पहिल्या तीन कौतुकाच्या.
चौथीत: तो शब्द 'नोख' नाही हो, 'डोख' आहे.

एका अक्षराचा फरक.
जुनी टोकदार लिपी, फोटोप्रत पुसट,
शाईचा एक दांडा उडालेला.
तिथे 'अजून' नव्हतंच कधी.
तिथे होतं... ते बराच वेळ शब्द शोधत राहिले,
दगडी पुलावरून एक मालगाडी पूर्ण गेली,
मग म्हणाले, "आहेच की.
माणूस मुक्त आहेच की.
जेवता जेवता मीठ मागताना म्हणावं, तसं."

प्रकाशकाने एक चिठ्ठी छापली, बोटभर:
पान २१४, ओळ ९, असे वाचावे.
चिठ्ठी सुटी. पुस्तक उघडलं की गळून पडायची.
ग्रंथालयाच्या प्रतीत मी ती तीनदा गोंदाने डकवली.
पण लोकांना 'अजून'च आवडत होतं.
'आहेच की'वर कोण परिसंवाद भरवणार?

सत्तावीस वर्षांनी नवं भाषांतर आलं,
रोना पेटिग्रूचं. यांचीच विद्यार्थिनी.
सुटसुटीत, म्हणतात सगळे. वाक्यं आखूड.
यांचे डोळे तोवर गेलेले, म्हणून मला बोलावलं,
ब्रॉटी फेरीच्या घरी, दर गुरुवारी, वाचून दाखवायला.
जिथे यांचं चुकलं होतं, तिथे तिथे तिने
गाजावाजा न करता नीट करून ठेवलेलं.
ते मान डोलवायचे. "बरोबर. बरोबर. मला सुचलं नाही."

मग ते पान आलं. मी सावकाश वाचलं:
माणूस अजून मुक्त आहे.
खाली टीप नाही, खुलासा नाही.
म्हटलं, कळवू या का तिला? पेन आहे माझ्याकडे.
ते हसत होते. एवढ्या वर्षांत प्रथमच
मला त्यांचे दात दिसले.
"राहू दे, इशबेल. सगळ्या पुस्तकात
माझं स्वतःचं असं तेवढंच आहे."

हीटर कटकटत होता.
मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.
ते फार लवकर संपलं.